धुक्यातला अकरावा

बाइंडरांना क्लबात खेळाडू म्हणून कोणी ओळखत नसे. त्यांचा धंदा पुस्तकं बांधायचा, पण ओळख वहीची. गेली चाळीस वर्षं क्लबाच्या प्रत्येक हॉकी सामन्याला ते मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसत. मांडीवर स्वतः बांधलेली निळ्या कापडाची वही असे. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, पंचांनी कोणाला झापलं, सगळं ते बारीक अक्षरात टिपत. त्या वहीचा दरारा असा, की एकदा पेन्सिलीचं टोक मोडल्यामुळे सेंटर फॉरवर्डचा एक गोल लिहायचा राहिला, तर त्या बिचाऱ्याने तो पुढे कधी आपल्या गोलांत धरला नाही. ‘वहीत नाही ते झालं नाही.’ क्लबाचे बाकीचे नियम, म्हणजे सरावाला वेळेवर येणं आणि चिखलाचे बूट दाराबाहेर काढणं, नुसते भिंतीवर टांगलेले होते. हा एक मात्र सगळे पाळत.

क्लबाला पन्नास वर्षं झाली आणि इतिहास लिहायचं काम अर्थातच बाइंडरांच्या गळ्यात पडलं. लिहायचं त्यांनी, बांधायचंही त्यांनीच, आणि रविवारच्या समारंभात थोडं वाचून दाखवायचं. सदतीस पानं सरळ लिहून झाली. अडलं अडतिसावं.

त्या पानावर क्लबाचा एकुलता एक कप होता. अडतीस वर्षांपूर्वी, ऐन धुक्यात, नदीपलीकडच्या संघाला क्लबाने एक-शून्य हरवलं, आणि तेही दहाच खेळाडूंनिशी! बाकीचे तापाने अंथरुणाला खिळले होते. वहीत दहा नावं होती. दर वर्षी क्लबाच्या वाढदिवसाला वहीतलं ते पान मोठ्याने वाचलं जाई, ‘दहा’ या शब्दाला टाळ्या पडत आणि पलीकडच्या संघाचे त्या वेळचे कप्तान पाहुण्यांच्या खुर्चीतून उठून ओरडत, “अकरा होते! गोलच्या डाव्या खांबाशी एक उभा होता, मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय!”

“वहीत दाखवा,” मंडळी म्हणत, आणि हशा पिकत असे.

तेव्हापासून ‘अकरावा’ हे क्लबाचं भूत झालं. किटली सापडत नाही? अकराव्याने नेली. दिवा चालूच राहिला? अकरावा वाचत बसला असेल.

ते कप्तान म्हणजे चौकातले औषधवाले. आणि अकरावा म्हणजे बाइंडर.

झालं होतं असं. शेवटची दहा मिनिटं उरली असताना चेंडू धुक्यात हरवला. दोन्ही संघ गवतात वाकून शोधत होते, तेवढ्यात क्लबाचा गोलकीपर, बेकरीवाला, पॅड फडफडवत कडेला आला.

“बाइंडर, तू सभासद आहेस ना?”

“आहे, पण...”

“ही घे स्टिक. डाव्या खांबाशी उभा राहा. काही करू नकोस. नुसती जागा अडव.”

बाइंडरांनी जन्मात पहिल्यांदा कोणाचं इतकं तंतोतंत ऐकलं. त्यांनी काहीही केलं नाही. शेवटच्या मिनिटाला औषधवाल्यांनी सणसणीत फटका मारला, चेंडू धुक्यातून आला आणि धाडकन बाइंडरांच्या बुटावर आपटून बाहेर गेला. हॉकीत चेंडू पायाने अडवला की फाउल, हे बाइंडरांना पंचांपेक्षा जास्त माहीत होतं. पण पंचांना त्या धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते, तर बाइंडरांचे काय दिसणार! सामना संपल्याची लांब शिट्टी वाजली. गर्दी धावून येईपर्यंत बाइंडर आपल्या खुर्चीवर, मांडीवर वही. दहा नावं लिहिली. अकरावं लिहायला घेतलं आणि हात थांबला. नाव लिहायचं तर पायही लिहायला हवा.

नंतर कबुली द्यायला ते किती वेळा तरी औषधांच्या दुकानात गेले. पायरी चढली की जीभ टाळ्याला चिकटायची, आणि मग ते डोकेदुखीचा बाम घेऊन परत यायचे. शेवटी औषधवालेच म्हणाले, “अहो, एवढा बाम माणूस लावत नाही. सरळ सांगा, गल्ल्यावर माझी धाकटी बहीण बसते म्हणून येता ना? विचारू का तिला?”

बाइंडर एक गोष्ट सांगायला गेले आणि दुसरीच ठरवून आले. संसार सुखाचा झाला. मेव्हण्यांशी रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव ठरलेला. पण समोरचा माणूस आपल्यामुळे गावभर खोटा ठरतोय, हे काही घोड्या-उंटांच्या आड लपत नव्हतं. वही कपाटात राहते. छापलेलं पुस्तक घराघरांत जाणार होतं.

शनिवारी दुपारी बायको खोलीत आली तेव्हा बांधणीची खळ वाळून गेली होती आणि बाइंडर कोऱ्या कागदाकडे बघत बसले होते.

“काय हो, पोटात दुखतंय का?”

“अकरावा मी होतो,” बाइंडर म्हणाले. मग एका दमात सगळंच बाहेर पडलं. बूटसुद्धा.

ती स्टुलावर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे दादाला भूत दिसलं नव्हतं, माझा नवरा दिसला होता! आणि माझं लग्न एका फाउलवर जमलं!”

“तुला चेष्टा सुचतेय. त्यांनी बोलणं टाकलं तर?”

“टाकेलही. दादाचा राग काही थोडाथोडका नसतो.” ती पदराने डोळे पुसत उठली. “पण उद्या पुन्हा दहा म्हणालात, तर मीच ओरडेन, अकरा म्हणून.”

रविवारी क्लबाची खोली तुडुंब भरली. पहिल्या रांगेत औषधवाले, कोटाला कडक इस्त्री, ओरडायच्या तयारीने खुर्चीच्या टोकावर. अध्यक्षांच्या जागी बेकरीवाला. मधल्या टेबलावर कप. बाइंडर उभे राहिले आणि त्यांनी कागद टेबलाला टेकवला.

“त्या दिवशी,” त्यांनी वाचलं, “क्लबाचे अकरा खेळाडू मैदानावर होते.”

टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले.

“अकरावा मी होतो. शेवटचा फटका माझ्या बुटाला लागला. तो फाउल होता. मी तो लिहिला नाही.”

औषधवाले उठले.

“भाऊजी,” औषधवाले हळूच म्हणाले, “आकडा पुन्हा वाचा.”

“अकरा.”

“मागे ऐकू गेलं नाही.”

“अकरा!” बाइंडर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

औषधवाले गर्रकन मागे वळले. “ऐकलंत? किटली अकराव्याने नेली म्हणत होतात ना? हा बघा अकरावा! माझ्या घरचा जावई!” आणि एकेका खुर्चीपाशी जाऊन ते प्रत्येकाच्या तोंडासमोर बोटं नाचवू लागले, “अकरा! बोला, किती? अकरा!”

“त्यात काय,” अध्यक्ष चहा फुंकत म्हणाले. “मीच तर ढकललं होतं त्याला आत.”

औषधवाले जागच्या जागी थांबले. “तुला माहीत होतं? मग अडतीस वर्षं बोलला का नाहीस, पाववाल्या?”

“वहीत नव्हतं ना,” बेकरीवाला अगदी निरागसपणे म्हणाला.

छप्पर उडेल असा हशा झाला. तो ओसरला तरी बाइंडर तसेच उभे होते. कप त्यांनी उचलून मेव्हण्यांसमोर धरला. “तो फटका अडला नसता तर बरोबरी झाली असती. हा निम्मा तुमचा आहे.”

“ठेवा खाली. कप मी दुसरे चार जिंकलेत. मला वेडा म्हणणं तेवढं तुम्ही इतक्या वर्षांत कोणी सोडलं नाहीत.” औषधवाल्यांनी कोट काढून बहिणीच्या हातात दिला. “पण त्या पायाचा निकाल लागायचाय. स्टिका आणा रे!”

दोन खुर्च्यांचा गोल झाला. डाव्या खुर्चीशी बाइंडर, हातात स्टिक. सत्तरीच्या मेव्हण्यांनी कंबर सांभाळत स्टिक उचलली. “यंदा जरा काहीतरी करा!” बायको मागून ओरडली.

चेंडू फरशीवरून रमतगमत आला. बाइंडरांनी नीट पाहिलं, स्टिक नीट खाली आणली आणि चेंडू तिला चुकवून अलगद त्यांच्या बुटावर येऊन थांबला.

मग अध्यक्षांनी दोन बोटं तोंडात घातली, त्यांचं बघून बाकीच्यांनी घातली, आणि अडतीस वर्षं राहून गेलेली शिट्टी साऱ्या खोलीने मिळून वाजवली. बाइंडर इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. बायकोने निळी वही आणि पेन्सिल आणून त्यांच्या पुढ्यात धरली.

“मोठ्या अक्षरात,” औषधवाले खांद्यावरून वाकून म्हणाले. “आणि पायही लिहा.”