आमेन अजून व्हायचंय

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या प्रार्थना गटात मास्तरांचा जबडा मोडला. मोडला तो मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या मालकीच्या, लोखंडी, घडीच्या खुर्चीने.

असं काहीही झालेलं नाही. त्या वेळी खोलीतल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि प्रत्येकाचे हात शेजाऱ्याच्या हातात होते. हात रिकामा नसताना खुर्ची उचलता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आम्हीही तेच सांगितलं. मास्तरांनी काही सांगितलं नाही, कारण जबडा.

तर जे झालंच नाही ते कसकसं झालं नाही, ते सुरुवातीपासून सांगतो.

मी फरशीच्या दुकानात कामाला आहे. गटप्रमुख म्हणून माझी निवड झाली ती माझ्या आत्मिक वाढीमुळे नव्हे. माझ्या मावशीची बैठकीची खोली मोठी आहे आणि मावशीला हुकूम देण्याची हिंमत कोणात नाही, म्हणून पाळकसाहेबांनी तिच्या भाच्याला नेमलं. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यात शिकवलं की गटप्रमुखाने उपदेश करायचा नाही, उतारा वाचून 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच विचारायचं. गटातलं गटात ठेवायचं. आणि प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांनी हात धरायचे, डोळे मिटायचे. गटप्रमुख 'आमेन' म्हणेपर्यंत काही म्हणजे काही सोडायचं नाही.

या शेवटच्या नियमाबाबत पाळकसाहेब फार कडक. मागे एका गटात प्रार्थना चालू असताना पडद्याने पेट घेतला. त्या लोकांनी प्रार्थना पुरी केली, आमेन म्हटलं आणि मग पाणी आणलं. हा पडदा प्रशिक्षणात आदर्श म्हणून सांगतात. घराचं पुढे काय झालं ते सांगत नाहीत.

आमच्या गटात मावशी. ती हाडांच्या वॉर्डात नर्स होती. तिच्या हाताला असा गुण की पेशंट बरे होऊन पळायचे, काही तर बरे न होताच. मग काका, पोस्टातून निवृत्त. ते घोरत प्रार्थना करतात. खाटीकदादा, दिवसभर सुरा चालवतो, पण उताऱ्यात कोकरू आलं की त्याचा आवाज दाटून येतो. दोनचार इतर, जे माना डोलावतात. आणि मास्तर आणि ताई, नवराबायको.

मास्तर मोटार शिकवायचे. गिअर चुकला की शिकणाऱ्याच्या बोटांवर पोलादी पट्टी हाणायचे. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आयुष्यात अपघात करत नाही, असं म्हणतात. तो गाडीत बसायचंच सोडतो. पण गटात त्यांच्यासारखी प्रार्थना कोणाची नव्हती. ताई शिवणकाम करायची. अर्ध्या मंडळीच्या अंगावर तिचेच कपडे. स्वतः मात्र ऐन उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या घालायची. बायका तिच्या शालीनतेची वाखाणणी करायच्या.

ताईला बाहेरगावी नोकरी लागली. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्याची, राहायला खोलीसकट. तिने हे फक्त मावशीला सांगितलं आणि हात जोडून म्हणाली, "मावशी, कोणाला म्हणजे कोणाला बोलू नका."

मावशीने कोणालाही सांगितलं नाही. तिने देवाला सांगितलं. मोठ्याने.

आमच्याकडे चहाडी हे पाप धरतात, पण जे कानात कुजबुजता येत नाही ते डोळे मिटून खुशाल सांगता येतं. "हे बापा," मावशी गहिवरून म्हणाली, "आमच्या ताईला परगावी नोकरी दिलीस, डोक्यावर छप्पर दिलंस. आता या घरातून तिची सुखरूप सुटका कर."

मग मास्तरांनी मधाळ आवाजात सुरुवात केली. "प्रभू, आमच्या कुटुंबाला शांती दे..."

काकांचं घोरणं थांबलं होतं. माणूस जिवंत आहे ना, ते बघायला मी एक डोळा उघडला. काका जिवंत होते. पण त्यांच्या पलीकडे मास्तर मिटल्या डोळ्यांनी ताईचा उजवा हात धरून बसले होते आणि तिचं पहिलं बोट मागे वाकवत होते. सावकाश. गिअर टाकावा तसं. "माझ्या पत्नीचे हात," मास्तर म्हणाले, "तुझ्या इच्छेत स्थिर ठेव."

कट्.

"ती खुर्ची बदला एकदा," काका झोपेतच पुटपुटले.

ताईने ओठ इतका दाबला होता की त्यातून रक्त आलं. आवाज आला नाही. मी आमेन म्हटलं. दुसरं काय म्हणतात ते प्रशिक्षणात नव्हतं.

मावशीने स्वयंपाकघरात नेऊन ताईच्या बोटाला आइस्क्रीमची काडी बांधली. ताई म्हणाली, "दारात सापडलं." दार तिथून चांगलं दहा पावलं लांब होतं. ताई गेल्यावर मावशीने पातेलं भिंतीवर फेकून मारलं. मी वाकलो म्हणून बचावलो.

"मीच सांगितलं रे त्याला!" मावशी ओरडली. "देवाला सांगायला गेले आणि ऐकलं त्या सैतानाने. बरोब्बर कात्रीचं बोट मोडलंन."

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे तुझे डोळे उघडे होते?"

"एकच, साहेब."

"प्रार्थना चालू असताना?"

"साहेब, तिचं बोट..."

"बोट डॉक्टर बघेल. तुझ्या डोळ्याचं काय करायचं ते मला बघावं लागेल." मग मवाळ होऊन म्हणाले, "हे बघ बाळा, नवराबायकोत भांड्याला भांडं लागायचंच. मास्तरांशी मी बोलतो."

ते बोलले. कारण त्याच दुपारी मास्तरांची शिकवणीची गाडी आमच्या दुकानापुढे उभी राहिली.

"गटप्रमुख, चला," मास्तर प्रेमाने म्हणाले. "आज तुम्हाला गाडी शिकवतो. फुकट."

आमचा मालक फुकट हा शब्द ऐकला की दुसऱ्याच्या वतीनेसुद्धा हो म्हणतो. मी स्टिअरिंगच्या चाकामागे बसलो. पट्टा ओढायला गेलो, तर मास्तर म्हणाले, "राहू दे. विश्वास ठेवायला शिका." शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे मला माहीत होतं. तो कशासाठी असतो, हे त्या दिवशी कळलं.

"थोडी वेगात घ्या. अजून. छान. आता सांगा, पाळकांकडे कशाला गेला होतात?"

"मी फक्त—"

त्यांनी ब्रेक दाबला. माझं तोंड चाकावर आपटलं. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले.

"घाबरू नका, पहिल्या दिवशी होतं असं. पहिला गिअर टाका. हं. तर गटातलं कुठे राहतं?"

"गटात."

पुन्हा ब्रेक. या खेपेला नाकातून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं आणि शर्ट गरम झाला.

"उत्तर बरोबर होतं की!" मी म्हणालो.

"उजळणी," मास्तर म्हणाले.

मोठ्या रस्त्याला वळसा घालून परत येईपर्यंत माझा पुढचा दात चाकाच्या वेष्टणात रुतून बसला होता. मास्तरांनी तो रुमालाने उपटला आणि माझ्या खिशात ठेवला. "तिला नोकरी करायची नाहीये. तुमच्या मावशीला सांगा, देवाला तसं कळवून टाकायला." दुकानात मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पांढऱ्या फरशीवर उभा राहू नकोस."

ताईला पुढच्या शुक्रवारनंतर येणाऱ्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. "बोट मोडलं म्हणून काय झालं," ती मावशीला म्हणाली, "डाव्या हाताने खडूच्या रेघा मारीन. कात्री नंतर धरीन. एकदा तिथे पोचू दे फक्त." पण मास्तर तिला एकटीला नळावरही सोडत नव्हते. आठवड्यात एकच जागा होती, जिथे ते डोळे मिटून बसायचे.

शुक्रवारी गट भरला. मास्तर ताईला घेऊन आले. तिच्या अंगावर नवा, राखाडी, लांब बाह्यांचा झगा होता. खाटीकदादाने निरोप धाडला होता, की दुकानात माल आलाय, येता येणार नाही. त्याचा टेम्पो मात्र कोपऱ्यावर उभा होता, मालाविना.

त्या दिवशी दुसरा गाल पुढे करण्याचा उतारा होता. तो मी निवडला नव्हता. पाळकसाहेबांकडून सगळ्या गटांना सारखाच येतो. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. दात नसल्यामुळे शब्दांबरोबर शिट्टी वाजत होती.

"क्षमा करणाऱ्याचं मन मोठं असतं," मास्तर माझ्या नाकाकडे बघत म्हणाले.

प्रार्थनेला हात धरायची वेळ आली. मी मुद्दाम मास्तरांच्या उजव्या बाजूला बसलो होतो. डाव्या बाजूला ताई. मावशी कडाडली, "तिच्या त्या हाताला कोणी हात लावायचा नाही. हाड जुळतंय."

"मग मी बाही धरतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तिची बाही खांद्याजवळ मुठीत गच्च आवळली.

मी डोळे मिटले. म्हणजे एक मिटला.

"हे बापा," मी म्हणालो, "आज आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत." मग मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. प्रकाश, जल, झाडझाडोरा. मासे वेगवेगळे घेतले. पक्ष्यांपर्यंत आलो तेव्हा काका घोरू लागले. ताई हळूच उठली. तिने खांदा किंचित पुढे घेतला, आणि बाही निघाली. अख्खी. ती बाही तिने नुसत्या धावदोऱ्याने टाचली होती, शिवलीच नव्हती. मास्तरांच्या मुठीत रिकामी बाही राहिली, आणि ताई उघड्या दंडाने दाराकडे गेली. त्या दंडावर पोलादी पट्टीचे वळ होते, एकाखाली एक, वहीतल्या रेघांसारखे. तिने सोडलेला काकांचा हात मावशीने ओढून घेतला, म्हणजे साखळी तुटायला नको. दाराशी ताईने एकदा वळून पाहिलं. मी सस्तन प्राण्यांवर आलो होतो.

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मास्तरांनी बाही ओढली. बाही आली.

त्यांनी डोळे उघडले.

ते उठले तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता, आणि नियम नियम असतो. मी सोडला नाही. त्यांनी डाव्या मुठीने माझ्या कानशिलात हाणली. "हे बापा, तुझा हात बळकट आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्या पोटात गुडघा घातला. "तू दीन लोकांना वाकवतोस," मी म्हणालो आणि वाकलो. त्यांनी मला गुरासारखं दारापर्यंत फरफटत नेलं. माझ्यामागे साखळीतले इतरही ओढले गेले, कारण कोणीच हात सोडेना आणि डोळेही उघडेना. एका बाईंचं कपाळ कपाटावर आपटलं, तरी त्या "ऐक गा प्रभू" म्हणत राहिल्या. मास्तरांनी माझी करंगळी पकडली आणि मागे वाकवायला घेतली. तोच गिअर.

"सोड त्याला, मेल्या," मावशीचा आवाज आला.

"म्हातारे, तू आधी—"

मी डोळे मिटले. या वेळी दोन्ही. हे मी शपथेवर सांगू शकतो.

पुढचं फक्त ऐकलं. घडीची खुर्ची बंद होताना होतो तसा खटका. मग हवेत काहीतरी मोठं फिरल्याचा आवाज. मग ओलं लाकूड फुटावं तसं. मग पुन्हा एकदा, कारण उतारा दुसऱ्या गालाचा होता. माझ्या चेहऱ्यावर काही कोमट उडालं. माझा हात सुटला. तो मी नव्हे, मास्तरांनी सोडला, याची नोंद असावी. माझ्या रिकाम्या हातात लगेच मावशीचा हात आला.

"प्रार्थना चालू ठेव," ती म्हणाली.

अॅम्ब्युलन्सवाले आले तेव्हा आम्ही हात धरून गोल उभे होतो आणि मध्ये मास्तर पडले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. कोणाला माहीत असणार? मास्तरांच्या गालावर मंडळीचं नाव उलट्या अक्षरांत उमटलं होतं. खुर्च्या हरवू नयेत म्हणून पाठीवर ठोकून उठावदार अक्षरं काढलेली आहेत, ती कामी आली. काकांनी डोळे मिटूनच विचारलं, "झालं का?"

"नाही अजून," मी म्हणालो.

मास्तरांचा जबडा आता तारेने बांधलाय. ते पाटीवर लिहून पाळकसाहेबांना एकच विचारतात: ती कुठे आहे? आणि पाळकसाहेब आम्हाला एकेकाला बोलावून तेच विचारतात, कारण कुटुंब जोडलं पाहिजे. मावशीने त्यांना सांगितलं, "डोळे मिटले होते." काकांनीही तेच सांगितलं, आणि ते खरं होतं. खाटीकदादा म्हणाला, "मी मालात होतो." मला त्यांनी पदावरून काढलं आहे, आणि रविवारपर्यंत ताईचा पत्ता दिला नाही तर मंडळीतूनही काढणार आहेत. मावशीला वेगळी नोटीस आहे. तिच्यात खुर्चीच्या दुरुस्तीचाही उल्लेख आहे.

ताईची खबर आली. एका हाताने खडूच्या रेघा मारतेय. सरळ येतात म्हणाली.

म्हणून मी अर्ज केला आहे. तो असा:

माननीय पाळकसाहेबांस, सविनय. शुक्रवारच्या प्रार्थनेत अधोहस्ताक्षरकर्त्याने अद्याप 'आमेन' म्हटलेले नाही. सबब, नियमानुसार सदर प्रार्थना आजही चालू असून गटातील सर्व सभासदांचे डोळे मिटलेले व हात धरलेले आहेत असे मानण्यात यावे. प्रार्थना चालू असताना कोणासही कोणाचा पत्ता विचारू नये. आणि ताईच्या बोटाचे हाड पूर्ण जुळून तिच्या हाती कात्री येईपर्यंत 'आमेन' पुढे ढकलण्यास मंडळीने लेखी मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.