शेवटच्या प्रकरणातला चष्मा

बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. तेवढ्यात दादानं त्यांच्या जाण्यावर तीनशे बारा पानांची कादंबरी लिहिली. धाकटीनं दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं चष्म्यांचं दुकान पुन्हा उघडलं. आईनं काहीच केलं नाही; नंबर वाढला तरी बाबांनी घासून दिलेल्या काचा बदलायला तेवढा नकार दिला. धाकटीनं आईसाठी केलेला नवा चष्मा रोज तिच्या पिशवीतून दुकानात जाई आणि परत येई. आई चहात मीठ घाली, आणि घरातले निमूटपणे पीत.

कादंबरीत सगळं घरच उतरलेलं, त्यामुळे प्रकाशकाला आईची लेखी संमती हवी होती. आज संध्याकाळी सहापर्यंत. आईची अट एकच, आधी ऐकणार, मग सही. अक्षरं तिला दिसत नव्हती.

"मी वाचतो," दादा म्हणाला.

"तू नको. तू वाचताना रडतोस, आणि पाणी मला आणावं लागतं. धाकटे, तू वाच."

तीन दिवसांत अकरा प्रकरणं झाली. शेवटचं उरलं तेव्हा पाच वाजले होते.

"हे नुसतं चाळलंस तरी चालेल," दादा घाईनं म्हणाला.

तिनं पान उलटलं. नजर दोन ओळी पुढे धावली आणि ती वाचायची थांबली. कादंबरीतल्या मुलानं वडिलांचा चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवला होता. वडिलांनी त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि मान टाकली. मुलगी तेव्हा दुकानात गिऱ्हाईक करत होती.

चष्मा तिनं पुसला होता. "डाग राहिलाय," असं बाबा म्हणाले म्हणून दोनदा. दुकान दोघा भावंडांचं, घर आईचं. ती शेवटची नजर तेवढी तिची एकटीची होती. आता ती दादाच्या नावावर छापून येणार होती, हजार प्रतींत.

"थांबलीस का?" आईनं विचारलं.

"पानं चिकटलीत." तिनं दादाकडे पाहिलं आणि कागदावर नसलेलं वाचायला लागली. "मुलगी वडिलांजवळ होती. तिनं त्यांचा चष्मा पुसला. मुलगा हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसला होता. हातातल्या भेटीच्या पासाचे बारीक बारीक तुकडे करत. वर जायला त्याचे पाय उचलत नव्हते." त्या दिवशी औषधं आणायला उतरताना तिनं त्याला तिथे पाहिलं होतं.

दादा अर्धवट उठला. हे मी लिहिलेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग काय लिहिलंय, ते आईनं विचारलं असतं. तो परत बसला. खुर्ची करकरली.

"पुढे?" आई म्हणाली.

"संपलं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले.

"मी थर्मास घेऊन वर येत होते," आई दादाला म्हणाली. "तुला पाहिलं जिन्यात. तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून मागे फिरले आणि लिफ्टनं गेले. वाटलं होतं, हे तू जन्मात कबूल करणार नाहीस. लिहिलंस, बरं केलंस. आण तो कागद."

तिनं रेघेच्या दोन बोटं खाली सही ठोकली.

"आणि धाकटे, पिशवीतला तो चष्मा काढ बघू. छापून आलं की हे पान मी माझ्या डोळ्यांनी वाचणार आहे."

धाकटीनं चष्मा दिला. आईनं जुना डबीत ठेवला, नवा चढवला आणि दादाकडे निरखून पाहिलं.

"केवढा पिकलास रे."

दादानं धाकटीच्या हातातलं पान ओढून घेतलं आणि एक ओळ खोडली. मग आणखी चार. मान खाली ठेवूनच त्यानं हलक्या आवाजात विचारलं,

"बाबांनी काय म्हटलं होतं गं, तू चष्मा पुसताना?"