कण आले का

"आले का गं?" पालथं पडलेल्या मास्तरांनी उशीतूनच विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा ओढली होती. त्यातला थेंब काचेवर घेऊन प्रयोगशाळेतल्या बाईंनी, मास्तरांच्या जुन्या शिष्येने, काच तिरकी केली. रक्त ओघळलं. मागे रव्यासारखे पांढुरके कण उरायला हवे होते. एकही नव्हता. नुसतं रक्त.

मास्तरांचा गाठींचा कॅन्सर हाडात उतरलाय की नाही, ते त्या कणांतच कळायचं. आणि "आले" म्हणायचं काम काच धरणाऱ्याचं. "नाही" म्हटलं की सुई पुन्हा. भूल वरवरची, आतून ओढ बसते तिला कसली भूल!

हे सगळं मास्तरांनीच शिकवलेलं. त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत नवी असताना तिची जीभ "आले" म्हणायला आधीच शिवशिवायची. मास्तर खेकसायचे, "जिभेने बघतेस का? दया घरी ठेवून येत जा." आणि दुपारी तेच आपला अर्धा चहा तिच्यापुढे सरकवायचे. काचा रंगवायच्या रंगद्रव्याने जांभळी झालेली बोटं बघून आई म्हणायची, पोरगी दवाखान्यात जाते की रंगाऱ्याकडे?

आता पेशी यंत्र मोजतं. मोजू दे. पण मास्तर निवृत्त झाले तेव्हा निरोपाला 'आधारस्तंभ' म्हणून भाषण ठोकणाऱ्या साहेबांनी आठवड्यात त्यांची खुर्ची भंगारात काढली, ते तिला अजून गिळवत नव्हतं.

"बाई, एवढ्यावर भागवूया का?" डॉक्टर हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मास्तरांची थरथरणारी टाच त्यालाही दिसत होती.

तिच्या जिभेवर "आले" येऊन बसलं. ते तिने गिळलं.

"नाही आले, मास्तर."

"मग डॉक्टरांना सांग. मला काय सांगतेस?"

सुई पुन्हा गेली. मास्तरांची मूठ चादरीत रुतली. या वेळी काचेवर कण उमटले.

"आले."

"हलक्या हाताने पसर," मास्तर पुटपुटले. "चिरडशील."

तिने थर ओढला, काच हवेत हलवून वाळवली. फुंकर मारायला मास्तरांची मनाई होती. मग काचेच्या कडेवर पेन्सिलीने नाव टाकायला गेली, तर हाताने आपसूक 'मास्तर' लिहिलं.

ते तिने खोडलं. कागदात बघून तिथे त्यांचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत ते नाव तिने एकदाही उच्चारलं नव्हतं.