सत्यभामाची डावी-उजवी

योगीराजच्या डाव्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, आणि उजव्याला दिसायचं ते नळीतून बघितल्यासारखं. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्याला आणि त्याच्या बायकोला, सत्यभामाला.

कळंबच्या अडत दुकानात तो ज्वारी तळहातावर घेऊन दाताखाली चावून बघायचा. लोकांना वाटायचं, पारख. सत्यभामाला माहीत होतं, दाण्यावरचा डाग त्याला दिसत नाही म्हणून. सोलापूरच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं होतं की उरलेलंही जाणार, फक्त कधी ते सांगता येत नाही.

तरी त्या रविवारी ते दोघं तामलवाडीच्या माळावर आले. गाडी तिनंच चालवली. माळावर रणधीर नावाच्या बागायतदारानं स्वतःच्या शेतात डांबरी पट्टी करून घेतली होती, आणि हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी तिथं रिमोटवर उडणाऱ्या जेट विमानांचा मेळा भरायचा. खेळणी नव्हती ती. माणसाएवढी लांब, पोटात रॉकेल, आणि आवाज असा की कानात बोटं घालावी लागत. आजूबाजूच्या गावांतली माणसं मोटारसायकली लावून पट्टीच्या उजव्या हाताला असलेल्या रस्त्याकडेला उभी राहायची.

"योगीराज, मागच्या वेळी विमान उतरवताना लई हुकलास," मेळा भरवणारे महालिंगप्पा म्हणाले. "डोळे ठीक हायत ना?"

"चष्मा बदललाय, अप्पा."

महालिंगप्पांनी सत्यभामाकडं पाहिलं. तिनं मान खाली घालून पाण्याची बाटली उघडली.

आदल्या आठवड्यात ती नाहीच म्हणाली होती. दोन दिवस तो जेवायला बसला, पण ताटातलं इकडचं तिकडं करून उठला. मग म्हणाला, "उद्या दुकानात मला गादीवर नुसतं बसवून ठेवतील गं. हे विमान एकदा उडवू दे. माझ्या हातानं केलंय मी."

उडवणाऱ्याजवळ एक माणूस आकाशावर नजर ठेवून उभा राहतो, असा तिथला नियमच होता. योगीराजसाठी ती उभी राहायची. घरी कॉम्प्युटरवर दोघांनी सराव केला होता. ती म्हणेल 'डावी', की त्यानं रिमोटवरची काडी डावीकडं द्यायची. विमान आपल्याकडं तोंड करून येत असलं की सगळं उलटं होतं, त्याचा हिशोब तिनं करायचा.

विमान सुरेख उठलं. पोटाला भगवा रंग होता, तो त्याला अजून कळायचा. पहिली फेरी नीट झाली, दुसरीही.

"बघ, बघ कसं जातंय!" तो हसला. कितीतरी महिन्यांनी ती त्याचं हसणं ऐकत होती.

तिसऱ्या फेरीला विमान सूर्याच्या अंगाला गेलं. पाठीमागं कुणीतरी दुसरं इंजिन सुरू केलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. पांढऱ्या झगमगाटात विमान तिलाही दिसेनासं झालं. तिनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. सापडलं तेव्हा ते खाली आलेलं होतं आणि सरळ त्यांच्याकडं येत होतं. उजवीकडं रस्ता, रस्त्यावर माणसं. ते डावीकडं जायला हवं होतं.

"डावी!" ती ओरडली.

त्यानं लगेच डावी दिली. विमान उजवीकडं वळलं, गर्दीच्या दिशेनं.

उलटं. तिनं उलटं सांगितलं होतं.

"उजवी! अहो, उजवी! दिसतंय का तुमाला?"

"न्हाय!" तो ओरडला. दिसत नाही, असं आजवर त्यानं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. "कुठंय? सत्या, कुठंय ते?"

महालिंगप्पा रस्त्याकडं हात हलवत धावले. "खाली बसा! बसा खाली!" माणसं बसेनात, नुसती बघत राहिली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई वर तोंड करून उभी होती.

इंजिन बंद करायचं बटण रिमोटच्या वरच्या कडेला होतं. सत्यभामानं हात घातला. त्यानं रिमोट छातीशी घट्ट धरला.

"न्हाय! उतरवतो मी! तू सांग नुसतं!"

"माणसं हायत तिथं!"

तिनं त्याच्या मनगटावर जोरानं फटका मारला आणि बटण खाली ओढलं. आवाज तुटला. विमान मुक्यानं माणसांच्या डोक्यावरून गेलं, पलीकडच्या तुरीच्या रानात बांधाला धडकलं. भडका उठला.

सगळे आग विझवायची नळकांडी घेऊन पळाले. योगीराज मात्र पट्टीकडं तोंड करून उभा होता. त्याचे अंगठे अजून काड्या हलवत होते.

"उतरलं का?" त्यानं विचारलं.

परत आलेल्या महालिंगप्पांनी ते ऐकलं. ते सत्यभामाकडं वळले. "वहिनी, कधीपासनं?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आन तुम्ही शेजारी उभ्या राहत होता?"

"व्हय," ती म्हणाली.

रस्त्यावर धोंडप्पा नावाचा म्हातारा शेतकरी घाबरून मोटारसायकलीसकट पडला होता. कोपराचं कातडं सोलून निघालं होतं. योगीराज म्हणाला, मला त्यांच्याकडं ने. ती घेऊन गेली. त्यानं हात जोडले, पण म्हाताऱ्याच्या जरा बाजूला बघून.

धोंडप्पानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "दिसत न्हाय व्हय तुमाला?"

"न्हाय."

"मग उडवता कशाला? लेकरंबाळं होती हितं."

"दिसतंय तोवर उडवावं म्हणलं," योगीराज म्हणाला. "कधी दिसायचं थांबलं, कळलंच न्हाय."

"आता कळलं न्हवं?" म्हातारा म्हणाला, आणि रक्त पुसायला गळ्यातला गमजा काढू लागला. सत्यभामानं पाणी ओतून त्याची जखम धुतली. त्यानं हात मागं घेतला नाही, पण तिच्याकडं बघितलंही नाही.

त्या दिवशी मग एकही विमान उडालं नाही. लोक पांगले.

गाडीत बसल्यावर योगीराज हळू म्हणाला, "तू डावी म्हणलीस. मी डावीच दिली."

"व्हय," सत्यभामा म्हणाली. "चूक माझी झाली."

तिनं गाडी सुरू केली, आधी डावीकडं, मग उजवीकडं बघितलं आणि रस्त्याला लागली.