चार नंबरच्या वर्गातला डबा

मित्रांनो, नेवाशाच्या रस्त्यावरच्या वाणिज्य महाविद्यालयात, चार नंबरच्या वर्गात, फळ्याच्या वर एक जुना लाकडी डबा टांगलेला आहे. तो मी. माझ्या पोटात कर्णा आहे आणि तोंडावर तपकिरी कापड. पुण्याच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. एकाहत्तर साली एस.टी.च्या टपावरून मी इथं आलो. हे महाविद्यालय साखर कारखान्याचं संचालक मंडळ चालवतं.

पहिले महिने फार सुखाचे गेले. प्राचार्यांनी टेबलावरचं बटण दाबलं की माझ्यातून प्रार्थना ऐकू येई. मुलं माना वर करून बघत. शिपाई छगन मला रोज फडक्यानं पुसायचा.

मग एकदा मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब तारवाल्या भिमाजीला घेऊन आले. भिमाजीनं माझ्या तारा बदलल्या. "आता ह्यो बोलतो तसा ऐकतो बी. हापिसात बसून वर्गातलं समदं कळंल."

"कुनाला सांगायचं न्हाई," काकासाहेब म्हणाले.

त्या दिवसापासून बाकांची कुरकुर, कुणाचा खोकला, सगळं माझ्यातून तारेनं निघून जाऊ लागलं. तिकडे कोण ऐकतंय, ते मला कळत नसे.

पुष्पावतीबाई व्यवस्थापन शिकवायच्या. बहात्तर साली त्या संचालक मंडळ आणि नफा यांचा संबंध समजावत होत्या. पाथर्डीकडची, ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातली मनकर्णा उठली. "बाई, आपल्या कारखान्याचा नफा का घटला?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "संचालकच ऊस वाहायला आपल्या सोयऱ्यांच्या ट्रका लावायला लागले, तर नफा कुठून राहील?"

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी बाईंना कार्यालयात बोलावून त्यांचंच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. पुन्हा असं बोललात तर नोकरी जाईल, असंही बजावलं. मला पुसता पुसता छगन हे पुटपुटला.

वर्गातल्याच कुणीतरी चुगली केली, असं बाईंना वाटलं. प्रश्न मनकर्णाचा, म्हणून संशयही तिच्यावरच. त्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

"बाई, म्या कुनाला काय बी सांगितलं न्हाई," मनकर्णा एकदा म्हणाली. बाई हजेरीपट उचलून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात मनकर्णाची जागा रिकामी होती. मला सारं ठाऊक होतं. पण मित्रांनो, माझ्या तोंडून कायम दुसऱ्याचेच शब्द निघत आलेत.

एका दुपारी बाई रिकाम्या वर्गात एकट्याच म्हणाल्या, "राजीनामा देऊन टाकावा." दुसऱ्या सकाळी प्राचार्य दारात येऊन म्हणाले, "राजीनाम्याची घाई करू नका, बाई."

ते गेले. राजीनाम्याचं तर बाई फक्त या रिकाम्या वर्गात बोलल्या होत्या. मग त्यांनी हळूहळू मान वर केली. बाकावर चढून माझ्या कापडाला कान लावला. नेमकं तेव्हाच तिकडे बटण दाबलं गेलं असावं. माझ्यातून कुणाचा तरी श्वास आला. संथ, अगदी जवळचा.

दुसऱ्या दिवशी बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'डबा ऐकतो', आणि सगळा तास खडूनंच शिकवला. साठ मुलं गप्प बसली होती. तारेतून फक्त खडूचा आवाज जात होता.

रविवारी त्या एस.टी.नं पाथर्डीकडे गेल्या, हे छगनकडूनच कळलं. मनकर्णा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सोमवारी तिला वर्गात आणून, माझ्याकडे बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मनकर्णा, चूक माझी झाली. मी तुझ्यावर संशय घेतला."

"तुमी बोलायच्या थांबल्या, बाई, त्येच लई लागलं," मनकर्णा म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

वर्ष संपताच मंडळानं बाईंना काढून टाकलं. मनकर्णा मात्र शिकून पुढं गेली.

गेल्या उन्हाळ्यात उंदरांनी माझी तार कुरतडली. माझं ऐकलेलं आता कुठंच जात नाही. मला आता कुणी पुसतही नाही. तरी नवी मुलं माझ्याखाली आली की आवाज खाली करतात आणि शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेनं बघतात. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, तार जोडू नका. एवढंच करा: शेजारच्यावर संशय घेण्याआधी एकदा मान वर करून बघा.