खांद्यावरचे केस

"हात काढ त्याच्यावरचा," मी म्हटलं.

देवीलालनं काढला नाही. आमच्या मोऱ्याच्या मानेवर, जू टेकतं त्या जागी, तो बोटं फिरवत राहिला. मग शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, जमलेल्या साऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "पंच, हे पाहा. खांद्यावर केस उगवले हायेत. हा बैल शेतीचा नाही, बसवून खाऊ घातलेला हाये. याले खुल्या गटात टाका."

त्याचीही जोडी शर्यतीत होती, आणि सकाळपासून त्याचं हे दुसरं खुसपट. आधी त्यानं वजनाचं काढलं होतं. छकडीवर बसून जोडी पळवतो तो धुरकरी. तो जेवढा हलका, तेवढी जोडी सुसाट. आमच्या छकडीवर माझ्या पोराचा, राजदीपचा, बाप बसतो. नाव धर्मपाल, अंगात हाडं सोडून काही नाही. "वाळलेली तुराटी बसवता अन् नंबर नेता," देवीलाल म्हणाला. मी त्याच्या पोटाकडं पाहून म्हटलं, "तू आठ दिवस जेवू नको, बरोबरी होऊन जाईन." लोक हसले, पण पंचांनी नियम केलाच. व्यापाऱ्याचा कापूस तोलायचा काटा मैदानात आणला आणि एकेका धुरकऱ्याला त्यावर उभं केलं. जो सगळ्यात जड गड्याहून जेवढा कमी भरेल, त्यानं तेवढं ओझं छकडीत न्यायचं. हे म्हणाले, "नेऊ ना. बैल काय पोत्याले भेते?" तो वाद तिथं मिटला.

गटाचा वाद तसा नव्हता. खुल्या गटात पुसदकडून, पांढरकवड्याकडून ट्रकात बसून आलेले बैल असतात. दूध-अंडी खातात, औत त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. त्यांच्यामागं आमची जोडी म्हणजे नुसता धुरळा खायला. शेती गटात मात्र दोन सालं आम्हीच पहिले. आणि यंदा पहिलं येणं भागच होतं. राजदीप महिनाभर माझ्या मागं लागला होता, "माय, जोडी इकून टाकू. काम ना धाम, उभ्या उभ्या कडबा खाऊन राह्यली." शेवटी मी शब्द टाकला. पट जिंकला तर जोडी दावणीला राहील. हरलो तर पुढच्या बाजाराला मी स्वतः दारव्ह्याला हाकत नेईन. तो लगेच हो म्हणाला. आईचा शब्द त्याला माहीत आहे.

पंच शंकरसिंग, तांड्यावरचा म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं मोऱ्याची मान चाचपली, मग त्याच्या जोडीच्या लाल्याची.

"वहिनी, देवीलाल खोटं नाही बोलून राह्यला. जुवाचा घट्टा नाही. पावसाळ्यातल्या डवरणीचा घट्टा दिवाळीपर्यंत जाते, मान्य. पण मंग कापसाची गाडी ओढून दुसरा पडते ना? तुमच्या घरी तं खोलीभर कापूस हाये म्हनता."

 

म्हणत तर मीच होते. दिवाळीपासून आमच्या कापसाच्या खोलीला कडी. कोणी विचारलं की माझं ठरलेलं, "भाव येऊ द्या. तोवर एक बोंड बाहेर काढत नाही." खोलीत होतं काय? उंदीर, आणि घडी करून ठेवलेले तागाचे रिकामे बोरे. बोंडं अळीनं नेली. उरलं ते आम्ही सासू-सुनांनी डोक्यावर गाठोड्यात आणलं. गाडी जुंपावी इतका कापूस आलाच नाही. त्या सालात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. शहरातली माणसं गाड्या करून यायची, उंबऱ्यात उभी राहून चेहरा पाडायची. माझ्या उंबऱ्यात कोणी चेहरा पाडलेला मला चालणार नव्हता. म्हणून कडी.

"कापूस वाह्यला असन तर घट्टा पाह्यजे," देवीलाल म्हणाला. "घट्टा नाही तर कापूस नाही. काकू, दोहीतलं एक सांगून टाका."

राजदीप माझ्या कानाशी आला. "माय, खुल्या गटात पळवू. राहू दे."

खुल्या गटात अब्रू झाकली असती आणि जोडी गेली असती. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते, लाल्याच्या कानामागं खाजवत होते.

मी पदर खोचला.

"कापूस नाही झाला," मी म्हटलं. "ऐकू आलं का मांगच्यायले? नाही झाला कापूस. खोलीत उंदरं हायेत. ज्याले पाहाचं त्यानं येऊन पाहा. पण चपला बाहेर काढजा."

 

मग उकंडानं आपल्या बैलाची वेसण धरली. हा उकंडा महिनाभर सांगत होता की त्याचा कापूस जावयाच्या गोदामात पडला आहे. त्यानं बैल वळवला आणि त्याची मान पंचापुढं केली. "माह्याही बैलाची पाहा," तो म्हणाला. केस होते, चांगले दाट. मग खेमसिंगनं जोडी फिरवली. मग हंसाबाईच्या दिरानं. रांगेतल्या माना एकेक करून वळत गेल्या आणि शंकरसिंग हात लावत पुढं गेला. शेवटी शेवटी त्यानं हात लावणं सोडलं, नुसता पाहत गेला. साऱ्या रांगेत घट्टा होता फक्त देवीलालच्या जोडीला. ती नाल्यातली रेती वाहायची.

"मंग शेती गटात माही एकट्याचीच जोडी," देवीलाल म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

"पळ एकटा, अन् एकटाच पहिला ये," मी म्हटलं.

शंकरसिंगनं धोतराला हात पुसले. "खांदा पाहाचा नियम यंदा नाही. वजनाचा राहीन. चला, लागा."

काट्यावर हे कमी भरले होतेच. सुनेला, ममताला, मी घरी पिटाळलं. तिनं खोलीतला एक बोरा आणला. मी आणि राजदीपनं त्यात मैदानाकडेची काळी माती भरली. काटा बरोबर येईस्तोवर मुठीमुठीनं टाकली. छकडीत ठेवताना राजदीप हळूच म्हणाला, "बाबा, बांधत नाही. अर्ध्या रस्त्यात लाथ मारून पाडून द्या." ह्यांनी दोरी घेतली, दोन वेढे मारले आणि गाठ दातानं आवळली.

एकेक जोडी सुटत होती. अय्यूब मिस्त्री घड्याळ दाबत होता. आमची सुटली. मोऱ्यानं मान खाली घातली की तो खरा पळतो, आणि त्यानं घातली. मागं बोरा उसळत होता. हे एका हातात कासरा धरून दुसरा हात त्या बोऱ्यावर ठेवून बसले होते. धुरळ्यात सगळं दिसेनासं झालं.

भोंग्यावरून नंबर सांगितले. पहिली देवीलालची, दुसरी आमची. मधलं अंतर फक्त घड्याळाला कळावं एवढं.

लोक म्हणाले, बोरा नसता तर. मी म्हटलं, "बोरा होता."

बाजाराच्या दिवशी जोडी मीच हाकली. दारव्ह्याला गिऱ्हाइकानं मोऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. "खांदा मऊ हाये, बाई. काम नाही केलेलं दिसत."

"कापूस नाही झाला," मी म्हटलं.

संध्याकाळी दोन रिकामे कासरे खांद्यावर टाकून घरी आले. अंगणात मातीचा बोरा पटावरून आणला तसाच उभा होता. त्या साली आमच्या घरी भरून आलेला तो एकच. ममतानं विचारलं, "आत्याबाई, ओतून टाकू का?"

मी खोलीची कडी काढली. बोरा आत नेऊन भिंतीला टेकवायला लावला, आणि दार उघडंच ठेवलं.