सिग्नल नावाचा पाणाड्या

आमच्या कुत्र्याचं नाव सिग्नल. त्याचा पुढचा उजवा पाय मनगटातून आत वळलेला. उभा असला की पाय छातीशी धरलेला, आणि खाली बसला की पंजा सरळ वर. मी तेहतीस वर्षं बडनेऱ्याच्या रुळांवर हातोडा घेऊन हिंडलो. मला दुसरं नाव कुठून सुचणार?

पाय जन्मापासूनच तसा. गुरांच्या डॉक्टरांनी दाबून, हलवून पाहिला आणि सांगितलं, "दुखत नाही त्याले. असाच राहीन. जपा." जपणं म्हणजे काय ते माझ्या सुनेला, संध्याला विचारा. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वळलेल्या पंजाची नखं झिजत नाहीत, वाढून मांसात घुसतात, म्हणून दर पंधरवड्याला ती नखं कापते. धावताना पाय मधूनच जमिनीला घासतो, म्हणून जुन्या जीन्सचा मोजा शिवते. फरशीवर तो घसरतो म्हणून घरभर पोत्यांचे तुकडे अंथरलेत. पाहुणे विचारतात, गहू वाळू घालायचेत का?

शिवाय तो सरळ निघाला की हळूहळू उजवीकडे वळत जातो. एकदा मी त्याला फाटकापाशी सोडला, तर नाकासमोर गेला आणि थोड्या वेळानं माझ्याच पाठीमागून आला. हे सगळं खरं आहे. पुढचंही बरंचसं खरं आहे.

लोक विचारतात, पायाला काय झालं? जन्मापासून आहे म्हटलं की गोष्ट तिथंच संपते आणि हातातला चहा अजून गरमच असतो. मला ते बरं वाटत नाही. म्हणून एकाला मी सांगितलं, चिखलदऱ्याला यानं वाघाशी पंजा लढवला, तो वाघ अजून डाव्या हातानं जेवतो. माणूस हसला, चहाचे पैसे त्यानंच दिले. कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते चंद्रभानमुळं. तेल्हाऱ्याकडचा शेतकरी. गाडी तीन तास लेट, म्हणून स्टेशनबाहेरच्या टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. खारपाणपट्ट्यातली जमीन, सांगू लागला. तीन बोअर मारले, तिन्हीत खारं पाणी. चहा ठेवला तर दूध फाटते. पहिल्या पाणाड्यानं नारळ तळहातावर ठेवून जागा दाखवली, दुसऱ्यानं उंबराची दुबेळकी, बेचक्यासारखी फांदी धरून, तिसऱ्यानं नुसतेच डोळे मिटून.

माझी जीभ खाजली. म्हटलं, "हा पाय पाह्यता ना? उंबराची फांदीच समजा. गोड्या पाण्यावर आला का सरळ होते."

चंद्रभान हसला नाही. तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दारात पिकअप उभी. चंद्रभानच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात झेंडूचा हार.

"काका, महाराजांले घ्याले आलो."

"कोणते महाराज?" संध्यानं विचारलं.

त्यानं हार सिग्नलच्या गळ्यात घातला. सिग्नलनं त्यातलं एक फूल खाऊन पाहिलं.

सगळं ऐकल्यावर संध्या माझ्याकडं वळली. "बाबा, भिंतीवर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, अन् त्याईच्या समोर तुमी कुत्र्याले पाणाड्या करून राहिले?"

"समोर नाही केलं ना बाई. टपरीवर केलं."

चंद्रभानला मी खरं सांगून टाकलं. पाय जन्मापासून वाकडा, सरळ कधी होत नाही, मी फेकली. तो गालातल्या गालात हसला. "पाणाड्या आपली विद्या कबूल करते का जी कधी? चला. बोअरची गाडी बांधावर उभी हाय. अन् पाणी गोड लागलं तर हे कुत्रं आमच्याच गावात राहीन. गावानं ठरवलं. रोज दूध-भाकर. तुमी नाही म्हणू नका."

आली का पंचाईत? पाणी खारं निघालं तर गाव मला सोडणार नाही. गोड निघालं तर सिग्नलला सोडणार नाही. आणि घरी थांबावं, तर हा गडी कुत्र्याला एकट्यालाच उचलून नेणार. संध्यानं रजेचा फोन केला, नखं कापायची कात्री आणि दोन मोजे पिशवीत टाकले. "मी येतो संगं," म्हणाली. "तुमच्या भरवशावर तं मी कुत्रं सोडत नाही अन् कुत्र्याच्या भरवशावर तुमाले."

शेतावर साठ-सत्तर माणसं जमली होती. मे महिना, काळी जमीन भेगाळलेली, आणि बांधावर ते बोअरचं धूड. चंद्रभाननं नारळ फोडला, मी दोरी सोडली. सिग्नल निघाला आणि गाव त्याच्या मागं. कुत्र्याच्या पुढं जायचं नाही, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं. सिग्नल उजवीकडं वळला, गाव वळलं. तो आणखी वळला, गाव आणखी वळलं. दुसऱ्या फेरीला रांगेचं तोंड शेपटाला जाऊन भिडलं, तेव्हा गावातले सगळ्यात मोठे मानकरी खुशालराव ओरडले, "अबे, कोण कोणाच्या मागं चालून राह्यला?"

तिसऱ्या फेरीला सिग्नल कंटाळला. उताराच्या टोकाला, जिथं शेत सगळ्यात खोलगट होतं, तिथं एका बाभळीची सावली होती. तिच्यात जाऊन बसला. जीभ बाहेर, मोजा घातलेला पंजा वर.

"सरळ नाही झाला," चंद्रभान हळूच म्हणाला.

संध्या पुढं झाली. मोजा काढून तिनं सगळ्यांना पाय दाखवला. "हा सांधाच असा जुळलेला हाय. जन्मात सरळ होत नाही. आमचे बाबा खोटं बोलले, बस."

मग खुशालराव म्हणाले, "ताईले घरची विद्या सांगितली नसन. कुत्रं बसलं ना? मंग तिथंच मारा बोअर."

मशीनवाल्यानं गाडी सुरू केली. पहिले तीन बोअर चंद्रभानचे होते. हा चौथा माझा होता. खरं सांगून झालं, माझंही आणि संध्याचंही. ते कुणाला पटलं नाही. उरलं काय? जे मला चांगलं येतं ते.

"थांबा!" मी ओरडलो. "पाय कोणीकडं हाय ते पाह्यलं का कोणी?"

सगळ्यांनी पाहिलं. वर.

"मंग खाली काय भोकं पाडता? कुत्रं साफ सांगून राह्यलं, जमिनीत गोड पाणी नाही. पाणी वर हाय. ते पडते अन् वाहून जाते. अन् बसलं कुठं पाहा! साऱ्या वावराचं पाणी जिथं उतरते तिथं. शेततळं खणा म्हणते."

खुशालरावांनी आभाळाकडं पाहिलं, उताराकडं पाहिलं, सिग्नलकडं पाहिलं. "बात तं बरोबर हाय महाराजांची," ते म्हणाले. मशीन बंद झालं. चंद्रभाननं सिग्नलपुढं हात जोडले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून चंद्रभानची बायको जमुना पुढं आली. कमरेवर हात.

"तीन वर्षांपासून मी काय सांगून राह्यली हो? तळं खणा, याच कोपऱ्यात खणा. बोटानं जागा दाखवली. तवा म्हणे, तुले काय समजते! अन् आज लंगड्या कुत्र्यानं सांगितलं तं हात जोडून उभे!"

लोक एवढे हसले की बाभळीवरचे बगळे उडाले. चंद्रभान मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे ना आता. तळं खणतो मी. वरचं पाणी तं मान वर केली का मलेही दिसते. याले कायले ठेवून घ्याचं? सोडून येतो यायले."

मी दोरी उचलली. पण जमुना सिग्नलच्या शेजारी फतकल मारून बसली आणि त्याच्या गळ्यात हात टाकला.

"कुत्रं कुठीच जात नाही. हे माह्यापाशी राहीन."

"तुले कायले पाहिजे?"

"तुमी याचंच ऐकता म्हणून! अजून लई गोष्टी वदवून घ्याच्या हायेत याच्याकडून. तुमच्या खर्ऱ्याचं, त्या तंबाखूचं हाय. तुमच्या बहिणीच्या घरच्या महिना-महिना मुक्कामाचं हाय. काय रे सिग्नल, सांगशीन ना?"

सिग्नलनं तिचं तोंड चाटलं आणि पंजा वर केला.

"पाहा! हौ म्हणते!"

चंद्रभानच्या तोंडावरचा रंग उडालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. खारं पाणी, तीन बोअर, सगळं त्यानं सोसलं होतं, पण हे नाही. त्यानं सिग्नलला बायकोच्या मिठीतून उचललं, पिकअपमध्ये ठेवलं, संध्याला हाताला धरून बसवलं, मला जवळजवळ ढकललं आणि गाडी अशी काढली की जमुनाचे शब्द अर्ध्यातच मागं राहिले.

"अहो, जेवून तं जाऊ द्या त्यायले!" एवढंच ऐकू आलं.

दर्यापूर येईपर्यंत त्यानं गाडी हाणली. तिथं चहाला थांबलो, तेव्हा आरशात मागचा रस्ता पाहत त्यानं मला विचारलं, "काका, ते फटफटीवर आपल्या मागून कोणी येऊन राह्यलं का हो?"

येत होतं की नाही, ते मी त्याला सांगितलं नाही. "गाडी जरा दामट," एवढंच म्हटलं. संध्या मागं बसून सिग्नलला नवा मोजा घालत होती.